एकदा जेवायला या

खोटं गोड लागतं म्हणून लोक गपकन गिळतात, आणि खरं सांगणाऱ्या बाईला म्हणतात, "काहीतरीच काय!" हे काही आजचं नाही. फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातली एक बाई एके दिवशी खरं बोलली, अगदी खणखणीत खरं, आणि अख्ख्या गावात एकाही माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही! त्या बाईची ही गोष्ट.

बाई तोंडाने फटकळ. भाजी खारट झाली असेल तर तोंडावर "खारट" म्हणायची. पोर काळं असेल तर "काळं आहे, पण डोळे छान आहेत" म्हणायची. मनात नसेल ते तिच्या जिभेवर येत नसे. त्यामुळे तिच्याकडे गप्पा मारायला फारसं कुणी जात नसे, पण लग्नाकार्यात स्वयंपाक कुणाच्या हातात द्यायचा म्हटलं की सगळे तिच्याच दारात.

गाव मात्र गोड बोलणारं. इतकं गोड, की बोलून झाल्यावर ओठ पुसावेत. आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य ठरलेलं. सकाळी उठून दात घासावेत तसं ते वाक्य रोज घासायचं.

गावचे पाटील कुठल्याही गोष्टीला म्हणायचे, "बघू."

विहिरीचा कठडा ढासळला, "बघू." गुरं शेतात शिरली, "बघू." पाटलांच्या स्वतःच्या धोतराला एकदा निखारा लागला, तेव्हाही तोंडातून आधी "बघू" आलं आणि मग ते पळाले.

पाटलीणबाई दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायच्या, "या ना, आपलंच घर समजा!" म्हणताना दाराची कडी मात्र आतून घट्ट धरलेली.

वाणी म्हणायचा, "काही लागलं तर हक्कानं सांगा." आणि हक्काने कुणी काही मागायला आलं, की त्याला नेमकी झोप लागायची.

आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे त्या बाईचा नवरा. माणूस साधा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जेवण झालं की देवळाजवळच्या चिंचेखालच्या दगडावर बसायचं, मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता, मान खाली घालून सुपारी कातरायची, आणि वाटेवर पावलं वाजली की मान वर न करता म्हणायचं, "या ना एकदा जेवायला!"

कोण चाललंय ते बघायचंसुद्धा नाही. शेजारी गेला, "या ना एकदा जेवायला!" वाटसरू गेला, "या ना एकदा जेवायला!" एकदा तर म्हैस गेली, तिलाही म्हणाला. म्हैस शहाणी, ती थांबली नाही.

बाई चिडायची. "अहो, बोलावता तुम्ही आणि रांधायचं कुणी? आलं एखादं तर?"

नवरा हसायचा. "अगं, कोण येतंय! बोलायची रीत असते. आपलं बोलायला काय जातं?"

"तुमचं काही जात नाही. म्हणूनच बोलता," बाई म्हणायची आणि भांडी जरा जोरात घासायची.

त्या गावाची देवी डोंगराच्या कुशीत होती. वर्षातून एकदा तिचा उत्सव. त्या दिवशी देवीला पुरणपोळीचा नैवेद्य. घरोघरी पोळ्या करून झाकून ठेवायच्या, पण देवीचं पान वाढल्याशिवाय लहान पोरानेही घास घ्यायचा नाही, असा कडक नियम. आणि तो नैवेद्य रांधायचा मान त्या बाईचा. देवीची पितळेची पळी तिच्या सासूकडून तिच्याकडे आली होती, सासूला तिच्या सासूने दिलेली. नैवेद्य करणारीने मीठ बघायलासुद्धा जिभेला बोट लावायचं नाही. नुसत्या वासावर आणि हाताच्या अंदाजावर सगळं जमवायचं. बाईच्या जवळ दागिना नव्हता, जमीन नव्हती. ती पळी होती. ती पळी हातात घेऊन देवळाच्या पायऱ्या चढताना ती पाटलीणबाईंपेक्षाही ताठ चालायची.

पाटलीणबाईंचा त्या पळीवर डोळा होता, हे सांगायला नकोच.

तर त्या वर्षी उत्सवाच्या दिवशी बाईने पहाटेपासून देवळातल्या स्वयंपाकघरात घाट घातला. डाळ शिजवली, गूळ घातला, पाट्यावर पुरण वाटलं, वेलदोडा, जायफळ. पोळ्या अशा झाल्या की फुंकर घातली तर उडाव्यात. कटाची आमटी उकळत होती. केळीचं पान मांडलं, सगळं वाढलं, आणि नैवेद्यावरून फिरवायला ताजं पाणी हवं म्हणून बाई देवळामागच्या झऱ्यावर गेली. घागर भरून परत येते तो काय!

पाटावर अस्वल बसलेलं.

खोटं नाही. चांगलं मांडी घालून बसलेलं. पाय धुऊन आलं होतं, ओली पावलं आणि सांडलेलं पीठ मिळून जमिनीवर हे एवढाले ठसे उमटले होते. पानातलं सगळं संपवून ते शेवटची पोळी तुपात बुडवत होतं.

दुसरी कुणी असती तर घागर टाकून पळाली असती. बाईने घागर नीट खाली ठेवली, उलथनं उचललं आणि ओरडली, "मेल्या! देवीच्या आधी जेवलास? तुला कुणी बोलावलं होतं?"

अस्वल दचकलं. तोंडातला घास गिळून अदबीने म्हणालं, "बोलावणं होतं ना, बाई. तुमच्या गावातूनच होतं."

"कुणाचं?"

"नाव नाही ठाऊक. तोंडही नीट पाहिलं नाही. त्यांनीही माझं पाहिलं नाही. पण आवाज ओळखेन."

तेवढ्यात बाहेर ढोल वाजायला लागले. गाव देवळाकडे निघालं होतं. ढोलाच्या आवाजाने अस्वल घाबरलं, उठलं, पानाला हात जोडून "अन्नदाता सुखी भव" म्हणालं आणि मागच्या दाराने डोंगरात पसार झालं.

गाव स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बघतं तो देवीचं पान चाटूनपुसून साफ, आणि बाई हातात उलथनं घेऊन उभी.

"अगंबाई!" पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "नैवेद्य उष्टा केलास?"

"मी नाही. अस्वलाने खाल्ला."

मग कुणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं.

"अस्वलाने? पानावर बसून?"

"पाटावर बसून. पाय धुऊन."

"आणि हात नाही का धुतला जेवल्यावर?" वाण्याने विचारलं.

"नाही धुतला. ढोल वाजले म्हणून पळालं. पण तुझ्यापेक्षा बरं, जेवल्यावर आशीर्वाद देऊन तरी गेलं," बाई म्हणाली.

लोक आणखी हसले. बाई पाटलांसमोर उभी राहिली. "पाटीलबाबा, हसणं नंतर. आत जमिनीवर ठसे आहेत. चला, डोळ्यांनी बघा."

पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बघू."

"बघू काय? आत्ता बघा!"

"बघू, बघू. आधी जरा बसू, विचार करू."

पाटील बसले. विचार करायला लागले. आणि तेवढ्यात काय झालं? नैवेद्य उष्टा झाला म्हणजे जागा विटाळली, आणि विटाळलेली जागा सारवायची, ही त्या गावाची रीत. पाटलीणबाई दोघी बायकांना घेऊन आत शिरल्या, शेणाचा पोतेरा फिरवला, आणि पाटील पाहायला उठेपर्यंत जमीन अशी गुळगुळीत केली, की तिथं मुंगीचं पाऊल शोधून सापडलं नसतं.

पाटील आत डोकावले. "कुठे आहेत ठसे?"

बाईने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. खरं बोलून काय उपयोग, गावाने खरं सारवून टाकलं!

तिने गर्दीत नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही तरी सांगा. इतकी वर्षं बघताय मला. मी देवीच्या आधी खाईन का?"

नवरा चुळबुळला. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. "नाही म्हणजे… तसं काही नाही… होतं असं कधी कधी… जाऊ द्या ना…"

"झालं का बोलून?" बाई म्हणाली.

"हो."

"मग पान खा."

पाटलांनी निवाडा दिला. "दिवेलागणीपर्यंत ते अस्वल आणून दाखव. नाहीतर नैवेद्य पाटलीणबाई रांधतील, आणि पळीही त्यांच्याकडे जाईल. कायमची."

"अस्वल आणून दाखव" म्हणताना पाटलांनी लोकांकडे पाहून डोळा मिचकावला. लोक पुन्हा हसले. हसता हसता पोटात कावळे कोकलत होते, कारण घरी पोळ्या झाकलेल्या आणि देवी अजून उपाशी.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते तिथे पडू दिलं नाही. पळी कमरेला खोचली आणि म्हणाली, "आणते."

आणि डोंगराकडे चालायला लागली.

करवंदीच्या जाळीपाशी पोचल्यावर तिने हाक मारली, "अहो अस्वलबुवा!"

जाळी हलली. आतून आवाज आला, "उलथनं आणलंय का?"

"नाही आणलं. पळी आणली आहे. बाहेर या."

अस्वल बाहेर आलं, पण चार हात लांबच बसलं.

"जेवायला बोलवायला आले आहे," बाई म्हणाली.

अस्वलाने सुस्कारा सोडला. "एकदा का?"

"म्हणजे?"

"तुमच्या गावात जेवायला एकदाच बोलावतात. 'या ना एकदा.' मी त्या चिंचेजवळून पाण्याला जायचो तेव्हा रोज ते बोलावणं ऐकायचो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काय आनंद झाला मला! अस्वलाला जेवायला कोण बोलावतं? सगळे दगड मारतात. मी घरी येऊन अंग चाटून चकचकीत केलं. मग वाट बघत बसलो. सोमवार येतो, मंगळवार येतो, 'एकदा' काही येईना. पाऊस संपला, बोरं पिकली, करवंदं पिकली. घुबडाला विचारलं, 'एकदा' हा कुठला वार? ते म्हणालं, माणसांचा आहे, आपल्याला कळायचा नाही. आज पहाटे पुरणाचा वास आला आणि मला वाटलं, आला! आज 'एकदा' आला!"

बाई ऐकत होती. तिला त्या अस्वलाचा राग राहिला नाही. राग दुसरीकडेच वळला. चिंचेखाली कोण बसतं, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का?

ती अस्वलाच्या समोर जाऊन बसली आणि बोटावर मोजल्यासारखं म्हणाली, "नीट ऐका. एकदा नाही, आज. दिवे लागायच्या वेळी. देवळाच्या अंगणात. पुरणपोळी आणि कटाची आमटी. रांधणार मी. आधी देवीचं पान, दुसरं तुमचं. देवीच्या आधी हात लावलात तर मात्र उलथनं तिथेच आहे."

अस्वलाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "हे खरं बोलावणं आहे?"

"खोटं मला येत नाही."

"मग येतो," अस्वल म्हणालं. "आणि रिकाम्या हाताने येणार नाही."

बाई धावत खाली आली. पुन्हा डाळ शिजवली, पुन्हा पुरण वाटलं. पाटलीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कशाला कष्ट करतेस? संध्याकाळी पळी माझीच आहे."

"पळी कुणाचीही असो, पुरण करपलं तर देवी मला बोलेल. बाजूला व्हा, उजेड अडतोय," बाई म्हणाली.

संध्याकाळ झाली. सगळं गाव अंगणात जमलं, अर्धं देवीसाठी आणि अर्धं गंमत बघायला. बाईने देवीचं पान वाढलं आणि त्याच्या शेजारी जरा अंतर सोडून दुसरं पान मांडलं.

"हे कुणाचं?" पाटलांनी विचारलं.

"पाहुण्यांचं."

लोक हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात देवळाच्या फाटकातून अस्वल आत आलं. दोन पायांवर चालत, अंग चाटून चकचकीत केलेलं, आणि हातात पळसाच्या पानात गुंडाळलेलं हे मोठं मधाचं पोळं.

मग जी पळापळ झाली! पाटील एका उडीत देवळाच्या छपरावर. वाणी दीपमाळेवर. पाटलीणबाई कशा चढल्या देव जाणे, पण त्याही कौलांवर. ज्याला जे सापडलं त्यावर तो चढला. अंगणात उरली एकटी बाई, कमरेला पदर खोचून उभी.

"या," ती म्हणाली. "वेळेवर आलात."

आता भीती वाटली की माणसाच्या तोंडातून काय निघतं? जे रोज घासलेलं असतं तेच. वर कौलांवर पाटलीणबाईंचे दात वाजत होते, आणि त्या वाजणाऱ्या दातांतून बाहेर पडलं, "या, या ना! आ… आपलंच घर समजा!"

"खरंच?" अस्वल खूश झालं. पाटलांचं घर देवळाला लागूनच. अस्वल आत गेलं, पाटलांच्या पलंगावर आडवं झालं, पाटलांची पगडी डोक्यावर चढवली, पाटलीणबाईंच्या आरशात पाहिलं, माळ्यावरच्या कुरडयांचा डबा काखेत मारला आणि बाहेर आलं.

"घर चांगलं आहे," ते वर बघून म्हणालं. "पलंग जरा कुरकुरतो. कुरडया घेतल्या. आपल्याच आहेत."

पाटलीणबाईंना रडू की ओरडू असं झालं.

दीपमाळेला मिठी मारून उभ्या असलेल्या वाण्याच्या तोंडातूनही त्याचं ठरलेलं सुटलंच. "काही लागलं तर हक्कानं सांगा!"

"गूळ लागेल," अस्वल लगेच म्हणालं. "दोन ढेपा. हक्कानं सांगतो."

वाण्याने डोळे मिटून घोरायचा प्रयत्न केला, पण दीपमाळेवर उभ्याने घोरता येत नाही. शेवटी त्याने वरूनच किल्ली खाली टाकली. अस्वलाने जाऊन दोन ढेपा आणल्या, तिसरीला हात लावला नाही.

एव्हाना छपरावरच्या लोकांना भीती कमी आणि हसू जास्त यायला लागलं होतं. सकाळी जे बाईला हसले होते तेच आता पाटलांच्या पगडीतल्या अस्वलाकडे बघून पोट धरून हसत होते. एकेक जण हळूच खाली उतरला.

पाटीलही उतरले. मान खाली घालून बाईसमोर आले. "बाई, तू खरं बोलली होतीस. आमचं चुकलं. पळी तुझीच. आम्हाला क्षमा करशील का?"

बाईने मिशी नसलेल्या ओठावरून पाटलांसारखाच हात फिरवला आणि म्हणाली, "बघू."

असा काही हशा उसळला, की देवळातली घंटा कुणी न वाजवता हलली म्हणतात. पाटीलही हसले. हसावंच लागलं.

"पण," पाटील म्हणाले, "आता दोष कुणाचा ते ठरलं पाहिजे. या पाहुण्यांना बोलावलं कुणी?"

"मी नाही!" "मी नाही!" "मी कशाला?" सगळे एकदम बोलले.

अस्वल म्हणालं, "चिंचेखाली बसतात ते. सुपारी कातरतात. वर बघत नाहीत."

सगळ्यांनी चिंचेकडे पाहिलं. दगड रिकामा. सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. बाई आमटी ढवळायला लागली.

तेवढ्यात अंगणातली कणगी शिंकली.

देवीला वाहिलेलं धान्य ठेवायची ती उंच बांबूची कणगी. कणगी शिंकते हे कुणी पाहिलं नव्हतं. अस्वल हुंगत हुंगत गेलं आणि त्याने कणगीचं झाकण उचललं. आत गुडघ्यापर्यंत जोंधळ्यात बुडालेला, डोक्यावर कोंडा, हातात पानाचा डबा, असा बाईचा नवरा. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मान वर केली. समोर नाकाला नाक लावून अस्वल.

बिचाऱ्याच्या तोंडातून शब्द फुटेना. फुटला तेव्हा तोच फुटला.

"या… या ना… एकदा जेवायला!"

"हाच!" अस्वल आनंदाने ओरडलं. "हाच तो आवाज! अहो, आलो ना मी!" आणि त्याने नवऱ्याला उचलून असं कडकडून कवटाळलं, की त्याच्या तोंडातली सुपारी उडून पार वाण्याच्या कपाळाला लागली.

मग पाटलांनी तिथल्या तिथे ठरवलं. यापुढे गावात कुणी कुणाला जेवायला बोलावलं तर त्याच दमात वार सांगायचा, वेळ सांगायची, काय रांधणार ते सांगायचं. आणि सांगण्याआधी घरातल्या चुलीला विचारायचं. विसरला, तर पुरण त्याने स्वतः वाटायचं. पाटा-वरवंटा देवळात ठेवलेलाच असेल.

त्याची सुरुवात बाईच्या नवऱ्यापासून झाली. दर उत्सवाला अस्वलाच्या पानाचं पुरण तोच वाटायला लागला. पहिल्या वर्षी बोटं चेचली, दुसऱ्या वर्षी पुरणात गुठळ्या राहिल्या, पुढे मात्र छान जमलं. पाट्यापाशी बसला की येणाऱ्याजाणाऱ्याकडे मान वर करून बघायचा, आणि बोलावलंच तर मोजून बोलवायचा. गावात बोलावणी कमी झाली. जेवणारे मात्र वाढले. पाटलीणबाईंच्या दाराची कडी सैल झाली. आणि पाटलांनी विहिरीचा कठडा बांधून घेतला, "बघू" न म्हणता.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी अजून एक काम राहिलं होतं. जिच्यावर खोटा आळ आला, तिनेच खऱ्या दोषी माणसाचं नाव देवीपुढे मोठ्याने घ्यायचं, त्याशिवाय नैवेद्य दाखवायचा नाही, अशी तिथली रीत. आणि त्याच गावात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घ्यायचंच झालं तर उखाण्यात.

पोळ्या निवायला लागल्या. गाव उपाशी. अस्वल पानासमोर हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखं बसलेलं. उभ्या आयुष्यात कुणाला न घाबरलेली बाई देवीपुढे उभी राहून लाजली, लाल झाली, पदराचं टोक पिळायला लागली.

"घे गं नाव!" बायका ओरडल्या. "घे की! भूक लागली!"

"घ्या ना, बाई," अस्वलही म्हणालं.

कणगीपाशी अंगावरचा कोंडा झटकत उभ्या असलेल्या नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "घे. माझंच चुकलं. सकाळी तुझ्या बाजूने बोलायला हवं होतं."

त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं नवं वाक्य. बाईच्या डोळ्यांत सकाळी अडवलेलं पाणी आता आलं, आणि तिने ते येऊ दिलं. मग पळी कपाळाला लावली आणि खणखणीत आवाजात नाव घेतलं.

तात्पर्य: ज्या बोलण्याला वार नाही, वेळ नाही आणि ज्याच्या मागे राबणारे हात दुसऱ्याचे आहेत, ते कितीही गोड असलं तरी तोंडातच ठेवावं. सांगायला इथे इतका वेळ लागला. तिने दोन ओळींत उरकलं:

ना वार, ना वेळ, नुसत्या 'एकदा'ला कसला भाव?
अस्वलाला आवतण देऊन कणगीत लपले गुणाजीराव!